कचऱ्यातून विज्ञान : अरविंद गुप्ता यांची वाटचाल

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला मावशीकडे गेले होते. स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षे देशात पहिले आलेले हे शहर. सकाळी कचरागाडी दारात येते आणि ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक व इलेक्ट्रॉनिक असा सहा प्रकारांत वेगळा केलेला कचरा घेऊन जाते. त्या सकाळी मावशीची सातवीतली नात एक मोठा पुठ्ठ्याचा खोका घेऊन गाडीपाशी उभी होती. खोक्यात थर्माकोलच्या टेकडीवर बसवलेली पवनचक्की होती, पायथ्याशी चार घरे आणि प्रत्येक घरात एकेक चिमुकला दिवा. शाळेचे विज्ञान प्रदर्शन आटोपले होते, गुणही मिळाले होते. प्रकल्प बाजारातून तयार आणलेला होता.

गाडीवरच्या माणसाने तो घेण्यास नकार दिला. थर्माकोल, प्लास्टिक, तारा, रंगीत कागद सारे एकमेकांना डिंकाने असे चिकटवलेले, की ते कोणत्या कप्प्यात टाकावे हेच ठरेना. ‘अलग करके लाना, बेटा,’ एवढे सांगून गाडी पुढे गेली. मी सहज विचारले, ‘हे दिवे लागतात तरी कसे?’ ती म्हणाली, ‘बटण दाबलं की पंखा फिरतो आणि दिवे लागतात, आत्या.’ यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यावे असे कोणी तिला सुचवलेही नव्हते.

हा प्रसंग आपल्या गोव्यातही घडू शकतो. प्रदर्शनाच्या आठवड्यात तयार प्रकल्प विकत आणण्याची रीत आता कोणालाच नवी नाही. पण ज्या मध्य प्रदेशात मी ते पाहिले, त्याच प्रदेशात पाच दशकांपूर्वी नेमक्या उलट दिशेने एक प्रयोग सुरू झाला होता आणि त्यातूनच भारतातील सर्वांत लोकप्रिय ‘स्वतः करून पाहा’ विज्ञानलेखक घडला. अरविंद गुप्ता हे त्यांचे नाव. टाकाऊ वस्तूंची खेळणी करणारे गृहस्थ म्हणून ते बहुतेकांना परिचित आहेत. ती खेळणी कोणत्या गरजेतून जन्मली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

कानपूरहून नर्मदाकाठी

गुप्ता यांचा जन्म १९५३ साली उत्तर प्रदेशातील बरेली येथे झाला. १९७५ मध्ये कानपूरच्या आयआयटीतून ते विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि पुण्याच्या टेल्को कारखान्यात रुजू झाले. त्या काळच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला याहून अधिक काय हवे होते? परंतु विद्यार्थिदशेतच त्यांनी कानपूर येथे डॉ. अनिल सद्गोपाल यांचे भाषण ऐकले होते. परदेशातून विज्ञानाचे उच्च शिक्षण घेऊन परतलेले सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून होशंगाबाद जिल्ह्यातील खेड्यात गेले होते आणि तेथे त्यांनी ‘किशोर भारती’ ही संस्था उभारली होती. ते भाषण गुप्ता यांच्या मनात घर करून राहिले. १९७८ मध्ये त्यांनी कारखान्यातून वर्षभराची रजा घेतली आणि ते होशंगाबादला पोहोचले. हा जिल्हा आज नर्मदापुरम या नावाने ओळखला जातो.

तेथे चाललेले काम समजून घेतल्याशिवाय गुप्ता यांच्या लेखनाचा उलगडा होत नाही. १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या अनुमतीने जिल्ह्यातील १६ ग्रामीण शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञान शिकवण्याची निराळी पद्धत सुरू केली. ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ असे तिचे नाव. टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्ली विद्यापीठ आणि मध्य प्रदेशातील महाविद्यालये येथील वैज्ञानिक व प्राध्यापक सुट्ट्यांत येऊन तिला हातभार लावीत. १९७८ मध्ये, म्हणजे गुप्ता दाखल झाले त्याच वर्षी, ती जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत लागू झाली. पुढे १९८२ मध्ये भोपाळ येथे स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने ती माळव्यापर्यंत नेली. इंदूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरचे देवास हे त्या कामाचे एक केंद्र होते.

उत्तर नसलेले पाठ्यपुस्तक

या कार्यक्रमाच्या पाठ्यपुस्तकाचे नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात व्याख्या पाठ करण्यासाठी दिलेल्या नव्हत्या. काय करायचे, काय न्याहाळायचे, कशाची नोंद करायची आणि त्यावरून कोणते प्रश्न उभे राहतात, एवढेच त्यात असे. उत्तर मुलांनी चार-पाच जणांच्या टोळीत प्रयोग करून, एकमेकांशी वाद घालून मिळवायचे. परीक्षेत पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती आणि लेखी परीक्षेसोबत प्रयोगाचीही परीक्षा होती. मुलांच्या मनात येणारे प्रश्न पत्राने विचारता यावेत म्हणून ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि कार्यक्रमातील मंडळी त्याच्या नावाने उत्तरे धाडीत.

शिक्षकांना वगळून हे शक्य नव्हते. उन्हाळी सुट्टीत त्यांची शिबिरे भरत आणि मुलांनी करायचे प्रयोग तेथे शिक्षकांना आधी स्वतः करावे लागत. फसलेला प्रयोग का फसला, याची चर्चा मासिक बैठकीत होई. वर्षानुवर्षे फळ्यावर उत्तर लिहून देणाऱ्या शिक्षकाने ‘मला ठाऊक नाही, आपण पाहू या’ असे म्हणायला शिकणे, हे त्यातील सर्वांत अवघड काम होते.

आणि हे सारे चालायचे ते कुठे, तर जेथे प्रयोगशाळा तर सोडाच, पुरेसे वर्गही नव्हते अशा खेड्यांत. शहरातून येणारे काचेचे साहित्य महाग. फुटले की पुन्हा मिळण्यास वर्ष जाई. त्यामुळे साहित्य स्वस्त असणे आणि ते गावात मिळणे ही त्या कार्यक्रमाची अट होती. फुलाचे भाग सुटे करण्यासाठी सुई हवी, तर गावच्या बाभळीचा काटा तेच काम चोख करतो. काटा मोडला तर दुसरा कुंपणावर तयारच असतो. पुढे गुप्ता यांच्या नावाशी जोडली गेलेली ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही दृष्टी अशी अभावातून आणि नेमक्या शैक्षणिक गरजेतून आली. तिला हौसेचा रंग नंतर चढला.

आगकाडीची भूमिती

होशंगाबादच्या आठवडी बाजारात हिंडताना गुप्ता यांच्या दृष्टीस एक वस्तू पडली. सायकलच्या चाकात हवा धरून ठेवणाऱ्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी. पंक्चरवाल्याकडे ती काही पैशांत फूटभर मिळत असे. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि दोन्ही तोंडांतून एकेक आगकाडी आत सरकवली, की लवचीक सांधा तयार होतो. तीन काड्या आणि तीन सांधे जोडले की त्रिकोण. चार काड्या, चार सांधे जोडले की चौकोन.

आता हे दोन आकार हातात धरून बोटांनी दाबून पाहावेत. चौकोन लगेच कलतो, चौरसाचा तिरपा आकार होतो. त्रिकोण मात्र ढिम्म हलत नाही. सांधे तेच, काड्या त्याच, तरी असे का? त्रिकोणाच्या तीन बाजूंची लांबी ठरली की त्याचे कोनही ठरून जातात, बदलायला जागाच उरत नाही. चौकोनात चारही बाजू तशाच ठेवून कोन बदलता येतात. चौकोनात कर्णाची एक काडी बसवली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही घट्ट होतो. पंचकोनाला अशा दोन काड्या लागतात. हे कळलेल्या मुलाने मग मंगळुरी कौलांच्या छपराखालची लाकडी कैची पाहावी, विजेच्या तारांचा लोखंडी मनोरा पाहावा; सर्वत्र त्रिकोण का आहेत, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

नळीला मध्यभागी काट्याने भोक पाडून तिसरी काडी खुपसली की तीन तोंडांचा सांधा मिळतो आणि सपाट आकृती जमिनीवरून उठते. सहा काड्या व असे चार सांधे घेतले तर चतुष्फलक उभा राहतो, बारा काड्या व आठ सांधे घेतले तर घन. पहिला भक्कम, दुसरा डळमळीत. पुस्तकात सपाट छापलेली त्रिमितीय आकृती समजून घेताना धडपडणारी मुले या काडीघरात बोट घालून कडा आणि कोपरे मोजू लागतात.

या शोधातून गुप्ता यांचे पहिले पुस्तक आले, ‘मॅचस्टिक मॉडेल्स अँड अदर सायन्स एक्स्पेरिमेंट्स’. ‘एकलव्य’ने १९८०च्या दशकात ते प्रकाशित केले. पुढे बारा भारतीय भाषांत त्याची भाषांतरे झाली आणि पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९८८ मध्ये मुलांमध्ये विज्ञानाचा प्रसार करणाऱ्यांसाठी त्या वर्षीच सुरू झालेला राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. मधल्या काळात टेल्कोची नोकरी कायमची सुटली होती. शहडोल जिल्ह्यातील ‘विदूषक कारखाना’ येथे आणि केरळात स्वस्त, स्थानिक साहित्यातून घरे बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्यासोबतही त्यांनी काही काळ काम केले.

सांगण्याची रीत

विज्ञानावर लिहिणारे पुष्कळ असतात. गुप्ता यांच्या लेखनाचा विशेष असा, की ते वाचकाला वाचत बसू देत नाहीत. पानावर मजकूर थोडा आणि रेखाचित्रे अधिक. एका पायरीला एक चित्र, चित्राखाली एक-दोन वाक्ये. साहित्याची यादी अशी, की वाचणाऱ्याने उठून घरातच शोधाशोध सुरू करावी : जुनी बॉलपेनची रिफिल, झाडूची काडी, चपलेच्या रबराचा तुकडा, बाटलीचे झाकण, वर्तमानपत्र. त्यांच्या अनेक पुस्तकांतील चित्रे अविनाश देशपांडे यांनी काढली आहेत. अक्षरओळख जेमतेम असलेले मूलही केवळ चित्रांवरून वस्तू करू शकते, इतकी ती नेमकी आहेत.

आपल्या खेळण्यांपैकी अनेक ही गावोगावच्या परंपरेतून आलेली आहेत, हे ते मोकळेपणाने सांगतात. आपल्या पुस्तकांना आणि चित्रफितींना त्यांनी हक्कांचे कुंपण घातले नाही. ती इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. मुलाने खेळणे मोडून आत काय आहे ते पाहणे, यात त्यांना दोष दिसत नाही. तेच खेळण्याचे सार्थक, असे ते मानतात. दूरदर्शनसाठी त्यांनी सव्वाशे लघुपट केले आणि देशातील सुमारे ३००० शाळांत ते स्वतः जाऊन आले.

एक दार मिटले

होशंगाबादचा कार्यक्रम १५ जिल्ह्यांतील सुमारे १००० शाळांपर्यंत पोहोचला होता. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला आणि तेथेही राज्यभर चालणारे सर्वसाधारण पाठ्यपुस्तक लागू केले. तीस वर्षांच्या कामाचा असा शेवट झाला. देशभरातील शास्त्रज्ञांनी व शिक्षणतज्ज्ञांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, पण निर्णय फिरला नाही.

त्यानंतर वर्षभरातच गुप्ता पुण्यास आले. डॉ. जयंत नारळीकर यांनी उभारलेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्रीय संस्थेत ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ सुरू झाली होती. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून तिची वास्तू उभी राहिली, म्हणून तिचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींमधील एक तारा आणि मराठीचे लाडके ‘पुल’ असा दुहेरी अर्थ त्यात आहे. तेथे २००३ ते २०१४ या काळात गुप्ता यांनी विदुला म्हैसकर, अशोक रूपनेर आदी सहकाऱ्यांसह एक-दोन मिनिटांच्या शेकडो चित्रफिती तयार केल्या. त्या मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध झाल्या. २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

म्हणजे व्यक्तीला सन्मान मिळाला, खेळणी जगभर पोहोचली. पण ज्या शाळेसाठी ती घडली, त्या शाळेतून ती पद्धत मात्र हद्दपार झाली. या वाटचालीतील सल आहे तो हाच. आज चित्रफीत पाहून टाळ्या वाजवणे सोपे झाले आहे. मुलाच्या हाती वस्तू देऊन, तिला अर्धा तास देऊन, तिच्या चुकीपाशी थांबणारा वर्ग मिळणे तेवढेच कठीण राहिले आहे.

चूक शिकवते ती गोष्ट

हे का महत्त्वाचे, ते त्यांच्या साध्या मोटरवरून समजते. टॉर्चचा एक सेल घ्यावा. सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी त्याभोवती चढवून दोन्ही टोकांशी एकेक सेफ्टी पिन उभी अडकवावी. सेलवर एक लहान चुंबक ठेवावा. मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी, लाखेसारखा लेप असलेली तांब्याची मीटरभर तार सेलभोवती दहा-बारा वेढे देऊन वेटोळे करावे, दोन टोके समोरासमोर बाहेर काढावीत आणि ती पिनांच्या छिद्रांत झोपाळ्यासारखी टेकवावीत. टोकांवरचा लेप आधी खरवडायला हवा. तो विजेला अडवतो.

मुले उत्साहाने दोन्ही टोके पूर्ण खरवडतात. वेटोळे डुलते, अडखळते आणि थांबते. सेल तापू लागतो. येथेच खरा धडा सुरू होतो. वीज वाहू लागली की वेटोळे स्वतः चुंबक बनते आणि खालच्या चुंबकाच्या ओढीने किंवा रेट्याने वळते. पण अर्धा फेरा झाला की तीच ओढ त्याला मागे खेचते. मग करायचे काय? दुसऱ्या टोकाचा लेप एकाच बाजूने खरवडायचा. आता अर्ध्या फेऱ्यात वीज मिळते, उरलेल्या अर्ध्यात तुटते. तेवढा वेळ वेटोळे आपल्या वेगाने पुढे निघून जाते आणि पुन्हा वीज मिळते. ते गरगरू लागते. कारखान्यातील मोठ्या मोटरीतही योग्य क्षणी वीज तोडण्या-फिरवण्याची हीच युक्ती निराळ्या भागाने साधलेली असते. चित्रफितीत मोटर पहिल्याच क्षणी फिरते आणि हा सारा विचार निसटून जातो. ती फिरत नाही तेव्हाच मूल विचार करते. एक सावधगिरी मात्र घ्यावी : हे प्रयोग सेलवरच करावेत, घरच्या विजेवर कदापि नाहीत.

आपल्या अंगणात

साहित्य काळाप्रमाणे बदलते. गुप्ता यांच्या जुन्या पुस्तकांत हवेच्या पंपासाठी कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी असे. ती आता दिसत नाही. प्लास्टिकच्या स्ट्रॉचे टोक कापून केलेली त्यांची बासरी प्रसिद्ध आहे. वाजवता वाजवता कात्रीने स्ट्रॉ आखूड करत गेले की सूर चढत जातो आणि हवेच्या स्तंभाची लांबी व सुराची उंची यांचे नाते कानांना कळते. पण १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर देशभर बंदी आली, त्यात स्ट्रॉही गेला. म्हणून धडा थांबत नाही. पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून पिपाणी वाजवणे आपल्याकडच्या मुलांना नवे नाही. लांब आणि आखूड देठांचे सूर शेजारी शेजारी ऐकले की तोच नियम हाती येतो. माडाच्या चुडतापासून भिरभिरे करणाऱ्या आजोबांकडे पात्याला तिरपा पीळ का द्यावा लागतो याचे उत्तर असते. हिराची झाडू प्रत्येक घरात आहे. होशंगाबादला जे बाभळीच्या काट्याने केले, ते आपण आपल्या अंगणातील वस्तूंनी करावे, एवढाच त्या कामाचा आपल्यासाठी अर्थ.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी वर्षातून दहा दिवस दप्तराविना शाळेची कल्पना मांडली आहे आणि हातांनी करून शिकण्यावर भर दिला आहे. हे दिवस सहलीत आणि समारंभात संपवायचे की शिक्षकांना आधी स्वतः प्रयोग करण्याची सवड देऊन कारणी लावायचे, हे ठरवावे लागेल. पटसंख्या कमी असलेल्या आपल्या मराठी प्राथमिक शाळांना येथे एक सोय आहे : पंधरा मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या चुकीपाशी थांबता येते. पालकांनाही एक करता येईल. प्रदर्शनासाठी तयार प्रकल्प आणायला निघालेली पावले पंक्चरवाल्याच्या दुकानाकडे वळवावीत आणि मुलाने केलेले वाकडेतिकडे काम वाकडेच राहू द्यावे.

इंदूरच्या त्या सकाळी गाडी निघून गेल्यावर आमची सातवीतली विद्यार्थिनी ओट्यावर बसली आणि कचरा वेगळा करण्यासाठी तिने टेकडी फोडली. थर्माकोल एका बाजूला, कागद दुसऱ्या बाजूला. टेकडीच्या पोटात दोन सेल निघाले. एक तार त्यांच्यापासून पवनचक्कीच्या मोटरकडे गेली होती, दुसरी थेट दिव्यांकडे. ती बराच वेळ त्या दोन तारांकडे पाहत राहिली. ‘म्हणजे पवनचक्कीनं दिवे लागतच नव्हते,’ ती म्हणाली. मग तिने मोटर सेलपासून सोडवली, तिच्या तारा एका दिव्याला जोडल्या आणि पाते बोटाने जोरात फिरवून पाहिले. दिवा लागला नाही. ‘आणखी जोरात फिरवायला हवं का, आत्या?’ तिने विचारले.

कचरागाडी दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा थर्माकोल आणि कागद तेवढे गेले. मोटर, तारा आणि दिवे तिने ठेवून घेतले होते.